पृथ्वीवरील संकटाची विज्ञानकथा, सामान्य माणूस आणि मराठी पडदा : रत्नागिरीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पृथ्वीवर आकाशातून किंवा निसर्गातून सर्वनाशी संकट यावे आणि ते कोणा सम्राटाने वा अवताराने नव्हे, तर साध्यासुध्या माणसांनी परतवून लावावे, हे कथासूत्र जागतिक चित्रपटात विसाव्या शतकात चांगलेच रुजले. मराठीत हे सूत्र छापील कथेत आले, वाचकप्रिय झाले, मात्र मराठी चित्रपटात त्याची परंपरा निर्माण झाली नाही. याचे कारण केवळ पैशाची टंचाई असे सहसा सांगितले जाते. ते उत्तर अपुरे आहे. पैसा तर दादासाहेब फाळके यांच्यापाशीही नव्हता. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इतिहासाच्या अंगाने विचार केला असून, असा चित्रपट कोकणच्या, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्याच्या भूमीवर का उभा राहू शकतो, याचीही चर्चा केली आहे.

प्रलयकथांचा वारसा

संकटकथा भारतीय मनाला नवी नाही. मनू आणि मत्स्याची कथा ही प्रलयाची पूर्वसूचना मिळालेल्या एका माणसाची कथा आहे. गोवर्धनाची कथा तर मुसळधार पावसात सापडलेल्या अख्ख्या वस्तीची. महाराष्ट्रात ती सांगताना कृष्णाच्या करंगळीबरोबर गोपांच्या काठ्या आवर्जून सांगितल्या जातात. पर्वत करंगळीने तोलला हे खरे, परंतु गुराख्यांनी आपापल्या काठ्या खाली लावल्या. लोकमानसाला तारणहार पुरेसा वाटला नाही, त्याला त्या तारण्यात आपलाही हात हवा होता. सामान्यांनी पृथ्वी वाचवण्याच्या कथेचे देशी बीज शोधायचे तर ते या काठ्यांत सापडते.

रत्नागिरीच्या संदर्भात येथे एका ग्रंथाची आठवण ठेवणे भाग आहे. १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होते आणि हिमयुगाच्या आगमनाने ते उद्ध्वस्त झाले, असा त्यातील सिद्धांत. त्यासाठी त्यांनी वेदांतील दीर्घ उषांची वर्णने जशी घेतली, तशीच अवेस्तातील यिमाची कथाही घेतली. भयंकर हिवाळा येणार अशी सूचना यिमाला मिळते आणि तो माणसे, पशू व बीजे राखण्यासाठी एक सुरक्षित आवार बांधतो. टिळकांचा सिद्धांत आज विद्वानांत ग्राह्य मानला जात नाही. तरीही हिमयुगाने एक संस्कृती गिळली ही कल्पना मराठी सुशिक्षितांच्या परिचयाची करून देण्यात या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. याच जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या मुरूड गावचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहून सामान्य वाचकाला आकाशाची ओळख मराठीत करून दिली, हेही येथेच नोंदवावे.

धूमकेतूचे भय आणि पडदा

१९१० च्या मे महिन्यात पृथ्वी हॅले धूमकेतूच्या शेपटीतून जाणार, आणि त्या शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू आहे, या वार्तेने युरोप-अमेरिकेत मोठी घबराट उडाली. धूमकेतूच्या बाधेवरील गोळ्यासुद्धा विकल्या गेल्या! शेपटीतील वायू इतका विरळ असतो की त्यापासून काहीही होणे शक्य नव्हते, आणि काही झालेही नाही. भय मात्र टिकले. १९१६ मध्ये ऑगस्ट ब्लोम या डॅनिश दिग्दर्शकाने पृथ्वीजवळून जाणाऱ्या धूमकेतूमुळे ओढवलेल्या विनाशावर चित्रपट काढला. पुढे १९३१ मध्ये फ्रान्समध्ये आबेल गान्स यांचा ‘ला फँ द्यु माँद’ आला आणि १९५१ मध्ये अमेरिकेत ‘व्हेन वर्ल्ड्स कोलाइड’. १९९८ या एकाच वर्षी ‘डीप इम्पॅक्ट’ आणि ‘आर्मगेडन’ असे दोन चित्रपट झळकले. पहिल्यात धूमकेतू प्रथम एका शाळकरी मुलाच्या नजरेस पडतो, दुसऱ्यात तेलविहिरी खणणारे कामगार अवकाशात पाठवले जातात. विज्ञानाच्या कसोटीवर दुसरा चित्रपट फारसा टिकत नाही. पण प्रेक्षकाला आपल्यातला कोणी तरी तेथे पोचलेला पाहायचा असतो, हे त्याच्या कर्त्यांनी अचूक ओळखले होते.

याच सुमारास, म्हणजे १९१३ मध्ये, फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला आणि चारच वर्षांनी ‘लंकादहन’. जळणारी लंका, उड्डाण करणारा मारुती, ‘कालिया मर्दन’ मधील डोहातला सर्प ही सगळी कॅमेऱ्याच्या करामतीची कामे होती. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या दामले-फत्तेलाल यांच्या चित्रपटातील वैकुंठगमनाच्या दृश्यातही हेच कौशल्य दिसते. तात्पर्य, अशक्य ते पडद्यावर शक्य करून दाखवण्याची विद्या महाराष्ट्रात आरंभापासून होती. ती ज्या कामी लावली गेली ते काम मात्र चमत्काराचे होते. संकट भक्ताच्या हाकेने टळते, तेथे गणिताला वा यंत्राला वाव नसतो. मराठी पडद्याने युक्तिदृश्यांचे नाते भक्तीशी जोडले. सामाजिक चित्रपट आला तेव्हा त्याने वास्तवाच्या आग्रहापायी युक्तिदृश्येच बाजूला ठेवली. या दोहोंच्या मधली जागा, जेथे अद्भुत असते पण ते कार्यकारणाने बांधलेले असते, ती रिकामी राहिली.

छापील कथेतील संकट

ती जागा मराठीत कथेने भरली. ‘केरळ कोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे भाषांतर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आले, आणि पुढे श्री. बा. रानडे यांच्या ‘तारेचे हास्य’ या स्वतंत्र कथेचा उल्लेख अभ्यासक करतात. तथापि विज्ञानकथेला साहित्यात प्रतिष्ठा मिळाली ती डॉ. जयंत नारळीकर यांच्यामुळे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली. आद्याक्षरे उलटी केलेली होती, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून मजकूर पत्नी मंगला यांच्याकडून उतरवून घेतलेला होता. कथेला पारितोषिक मिळाले. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या कथाप्रकाराची दखल घेतली. त्याच लेखकाला २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लाभले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

नारळीकरांच्या दोन कथा प्रस्तुत विषयाच्या केंद्रस्थानी आहेत. ‘धूमकेतू’ या कथेत एक हौशी आकाशनिरीक्षक घरच्या दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधतो. धूमकेतूला त्याचे नाव मिळते. मग गणिताने कळते की हा पाहुणा पृथ्वीवर आदळणार आहे. जगातील शास्त्रज्ञ गुप्तपणे एकत्र येतात आणि अण्वस्त्रवाही यान पाठवून त्याचा मार्ग बदलतात. इकडे शोधकर्त्याच्या घरात अरिष्टशांतीसाठी होम होतो, आणि धूमकेतू टळल्याचे श्रेय घरची मंडळी होमाला देतात. कथेचा खरा डंख या शेवटात आहे. पृथ्वी वाचते, पण ज्याने प्रथम ते संकट पाहिले त्याला आपल्याच घरात ते का टळले हे पटवून देता येत नाही.

‘हिमप्रलय’ मध्ये मुंबईवर बर्फ पडते. त्यामागील तर्क नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांच्या हिमयुगविषयक मांडणीशी जवळचा आहे. ती मांडणी हॉयल यांनी १९८१ च्या ‘आइस’ या पुस्तकात केली होती. ज्वालामुखीच्या धुळीने सूर्यप्रकाश अडतो, सागराने साठवलेली उष्णता कमी पडते, हवेतील बाष्पाचे सूक्ष्म हिमकण होऊन ते उन्हाला परत पाठवतात, आणि थंडी थंडीला वाढवत जाते. वातावरणात धातूचे कण सोडून हे चक्र मोडण्याचा प्रयत्न कथेतील शास्त्रज्ञ करतो. त्याचा इशारा आधी कोणी ऐकलेला नसतो. टिळकांच्या ग्रंथातील हिमयुग माणसाला घर सोडायला लावते, नारळीकरांच्या कथेतील हिमयुगाशी माणूस दोन हात करतो. शतकभरात मराठी विचारविश्व कोठून कोठे आले, हे या दोन हिमयुगांच्या तुलनेतून दिसते.

या कथांची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. त्यांत पृथ्वी वाचवतात ते तज्ज्ञ. सामान्य माणूस संकट पाहतो किंवा ते सोसतो, त्याच्या हाती काठी येत नाही. शिवाय ‘धूमकेतू’ मध्ये अंधश्रद्धेचे ओझे गृहिणीच्या माथी येते. ज्या लेखकाच्या पहिल्या कथेची प्रत एका गणितज्ञ पत्नीने उतरवली, त्याच्या कथेत हे यावे याची गंमत वाटते. आज या कथेवर मराठी चित्रपट करायचा झाल्यास हे पात्र नव्याने लिहावे लागेल.

हौशी निरीक्षकाची कल्पना मात्र मुळीच कपोलकल्पित नाही. १९४९ मध्ये वेणू बाप्पू हार्वर्डमध्ये विद्यार्थी असताना त्यांना एक धूमकेतू सापडला, आणि तो बाप्पू-बॉक-न्यूकर्क या नावाने ओळखला जातो. १९९५ च्या हेल-बॉप धूमकेतूचे एक शोधक टॉमस बॉप हे कारखान्यात नोकरी करणारे हौशी निरीक्षक होते. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ चे तुकडे गुरूवर आदळले तेव्हा अशी टक्कर सर्व जगाने पाहिली. आणि २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाच्या ‘डार्ट’ यानाने सुमारे १६० मीटर व्यासाच्या डायमॉर्फस या लघुग्रहचंद्राला धडक दिली. त्याचा ११ तास ५५ मिनिटांचा प्रदक्षिणाकाळ अर्ध्या तासाहून अधिक घटला. नारळीकरांनी अण्वस्त्राने जे साधले, ते येथे नुसत्या धडकेने साधले. मार्ग वळवण्याचे तत्त्व दोन्हीकडे तेच.

रत्नागिरीची भूमी

१९५४ मध्ये बिकिनी बेटावरील हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. त्याच वर्षी ‘गोजिरा’ हा चित्रपट आला, आणि त्याच्या आरंभी संकटात सापडते ती बोटच. १९७३ मध्ये साक्यो कोमात्सु यांच्या कादंबरीवर देश समुद्रात बुडण्याचा चित्रपट निघाला. भूकंपाच्या देशाने आपले भय आपल्या भूगोलातून उचलले, न्यूयॉर्कमधून उसने आणले नाही. भारतात सत्यजित राय यांनी १९६७ च्या सुमारास ‘द एलियन’ ची संहिता लिहिली, तीत परग्रहावरील यान बंगालमधील खेड्याच्या तळ्यात उतरते. तो चित्रपट झाला नाही, पण दिशा बरोबर होती. १९६७ मधीलच ‘चाँद पर चढाई’ या हिंदी चित्रपटात दारासिंग यांना चंद्रावर धाडण्यात आले. या दोन कल्पनांतील अंतर पैशाचे नव्हते.

रत्नागिरी जिल्ह्यापाशी स्वतःचे भय भरपूर आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर झालेला हा उत्पात कोकणालाही हादरवून गेला. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्यावरील भूकंपाच्या त्सुनामी लाटा मुंबईपर्यंत पोचल्या होत्या, म्हणजे अरबी समुद्र या बाबतीत निर्धोक नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली.

या प्रसंगांत एक गोष्ट समान आढळते. बाहेरची मदत येईपर्यंतचे पहिले तास गावकऱ्यांचेच असतात. होडी असणारा होडी काढतो, उंचावर घर असणारा दार उघडतो. लघुग्रह अरबी समुद्रात पडणार अशी कल्पना केली, तर त्याचा मार्ग वळवण्याचे काम अवकाशसंस्थांचेच राहील. तेथे गावकऱ्याला यानात बसवणे म्हणजे ‘आर्मगेडन’ ची नक्कल होईल. पण अंशतः वळलेल्या, फुटलेल्या खड्याच्या लाटेपुढे मिरकरवाड्यातील बोटी खोल समुद्रात न्यायच्या की किनाऱ्यावर ओढायच्या, हा प्रश्न खलाशांनाच सोडवावा लागेल. शास्त्र सांगते की त्सुनामी खोल पाण्यात बोटीला जेमतेम उचलते आणि किनाऱ्याशी येऊन उसळते. वादळात मात्र नेमके उलटे, बोट आधी बंदरात आणायची असते. पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण एका संकटात तारते आणि दुसऱ्यात घात करते. शाळेतील विज्ञानशिक्षिका आणि अनुभवी तांडेल यांच्यात यावरून होणारा वाद हे अशा चित्रपटाचे मध्यवर्ती नाट्य ठरू शकते, आणि त्याला संगणकीय दृश्यांचा खर्च फारसा लागत नाही. लाट दाखवावी लागेल ती एकदाच. बाकीचा काळ प्रतीक्षेचा आहे, ओटीवरच्या रेडिओचा आहे, कोणी सोडून जायचे आणि म्हाताऱ्यांपाशी कोणी थांबायचे या बोलण्याचा आहे.

चित्रणाच्या दृष्टीने पाहता उंच कातळसडे, खाली खाडी आणि मधे चिंचोळी वस्ती ही या किनाऱ्याची रचना पडद्यावर आपोआप कथा सांगते. खालच्या वाडीतून सड्यावर जाणारी पाखाडी चढायला तरण्या माणसाला काही मिनिटे लागतात, डोलीतून न्यावयाच्या आजारी माणसाला त्याच्या कितीतरी पट. भारताचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र हैदराबादेत २००७ पासून कार्यरत आहे, आणि तेथून निघालेली सूचना काही मिनिटांत जिल्ह्यापर्यंत येऊ शकते. जिल्ह्याच्या ठिकाणाहून ती त्या पाखाडीच्या तळाशी असलेल्या शेवटच्या घरापर्यंत कोणी न्यायची, येथून पटकथा सुरू करता येईल.