समुद्रसपाटीचा शोध

जानकीपुरमसारख्या लखनौच्या वस्तीत राहणाऱ्या आम्हां मराठी नोकरदारांना समुद्र दिसत नाही. तथापि गावाची उंची सांगताना आम्ही आधार त्याचाच घेतो. समुद्र सर्वत्र एका पातळीवर असतो, असे आम्ही धरून चालतो. परंतु पाण्यामुळे दुरावलेल्या दोन किनाऱ्यांची पातळी ताडून पाहणे किती कठीण, हे कच्छच्या आखातात दिसून आले.

१८१९ च्या भूकंपाने कच्छच्या रणाचा काही भाग खचला व ‘अल्लाबंद’ हा उंचवटा निर्माण झाला. तेथील जमीन अद्यापि वरखाली होते काय, हे ठरविण्यासाठी सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन बेअर्ड यांनी १८७४ च्या सुमारास ओखा, नवानार व हंसथळ येथे भरतीमापक यंत्रे बसविली. उभ्या नळीतील तरंगता गोळा पाण्याबरोबर चढे-उतरे आणि पेन्सिल ती हालचाल फिरत्या कागदावर उमटवी. लाटांची खळबळ नळीत फारशी शिरत नसे. दीर्घ नोंदींची सरासरी म्हणजे त्या ठिकाणची मध्यम सपाटी. मग पाणसळ व मोजपट्ट्या घेऊन ही ठिकाणे जमिनीवरून एकमेकांस जोडावयाची.

पाण्यापलीकडे सरळ वेध का घेऊ नये? घेता येतो, परंतु दहा किलोमीटरांवर पृथ्वीच्या गोलाईनेच सुमारे ७.८ मीटरांचा फरक पडतो आणि हवेतील वक्रीभवन त्यात आणखी घोळ घालते. म्हणून दोन्ही तीरांवरून एकाच वेळी वेध घेतात. मग दोहोंतील चुका बव्हंशी परस्परांस छेदतात.

मुंबईस अपोलो बंदरावर १८७८ पासून नोंदी सुरू झाल्या. पुढे १९०९ च्या जुळणीत नऊ बंदरांची मध्यम सपाटी शून्य मानण्यात आली. सोय झाली, पण समुद्र तितका आज्ञाधारक नाही. लखनौच्या अक्षांशावर दहा किलोमीटर रुंद सामुद्रधुनीतून सेकंदास एक मीटर वेगाने प्रवाह वाहिला, तर पृथ्वीच्या परिवलनामुळे प्रवाहाच्या उजव्या हाताचे पाणी सुमारे ७ सेंटिमीटर उंच राहते. हा उतार शून्यात लपवला, की तो जमिनीच्या उंचीत चूक म्हणून उमटतो.

आज उपग्रह व गुरुत्वाकर्षणाची मापने साहाय्यास आहेत. तरीही आम्हां कारकुनांस एक गोष्ट पटते : शून्य हे सापडत नसते, ते ठरवावे लागते, आणि ज्याने ठरविले त्याने कोठे, केव्हा व कशावरून ठरविले, हे दप्तरी लिहून ठेवावे लागते.