मोरस साखर आणि जहाजाची वही

आमची आजी पांढऱ्या साखरेला ‘मोरस’ म्हणायची. रोजच्या चहाला गूळ, आणि पाहुणे आले की मोरस. पुढे शिक्षक झाल्यावर एकदा सहज शब्दकोश चाळताना कळलं, की मोरस म्हणजे मॉरिशस बेटावरून येणारी साखर. बेटाचं नाव झिजत झिजत आमच्या फडताळातल्या डब्यापर्यंत पोचलं होतं. पण त्या साखरेचा ऊस तोडायला आपल्याच कोकणातली माणसं जहाजात बसून गेली होती, हे मात्र शब्दकोशात नव्हतं.

थोडा इतिहास सांगतो. ब्रिटिशांनी मॉरिशसमधली गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी कायद्याने बंद केली. उसाच्या मळेवाल्यांना आता मजूर हवे होते. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अॅटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट लुई बंदराला लागलं होतं. तिथून हा ओघ सुरू झाला. पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा! तक्रारी वाढल्यावर मधली काही वर्षं ही वाहतूक बंद होती. १८४२ साली ती सरकारी देखरेखीखाली पुन्हा सुरू झाली, आणि कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा तिन्ही बंदरांतून माणसं जाऊ लागली. पुढच्या काळात जवळजवळ पाच लाख भारतीय त्या बेटावर उतरले. त्यांत बिहारकडचे लोक सर्वांत जास्त. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानाने थोडे, आणि त्यांतले बहुतेक १८६५ च्या आतले. आजच्या मराठी मॉरिशसकरांचे पूर्वज ते हेच.

बंदरावर उतरलं की प्रत्येकाला एक नंबर मिळे. (ज्या धक्क्यावर हे सगळं चाले, तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.) नंबरापुढे नाव, वडिलांचं नाव, वय, जात, उंची, अंगावरच्या खुणा, गाव, जिल्हा, जहाज, उतरल्याची तारीख, आणि कोणत्या मळ्यावर पाठवलं ते. लग्न, नवा करार, मृत्यू, सगळीकडे तोच नंबर. या वह्या आज मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या आहेत. १८६७ च्या कायद्यानंतर तर करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. म्हणून तरुणपणी जहाजातून उतरलेल्या माणसाचा प्रौढपणीचा चेहरा तिथे सापडू शकतो.

आता हे सगळं मला कुठून सुचलं? माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त मॉरिशसला असतो. मागच्या वर्षी त्याचा फोन आला. म्हणाला, “सर, इथल्या एका मराठी कुटुंबाला त्यांच्या पणजोबांच्या वडिलांचा उतारा मिळालाय. गावाचं नाव कोणालाच लागत नाही. जरा बघता का?” तिकडे अशा उताऱ्यांना सध्या फार महत्त्व आलं आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या होत्या. मूळ भारतीय असलेल्या सातव्या पिढीलाही भारताचं ओसीआय कार्ड मिळू शकेल, असं त्यांनी तिथे जाहीर केलं. कार्ड हवं तर पूर्वज भारतातून आल्याचा कागद हवा.

उताऱ्यातलं गाव वाचलं तर ‘नुंडगाम’, आणि जिल्हा ‘रुटनाघेरी’. यात कोडं वाटण्यासारखं काही नाही. त्या काळचे इंग्रज आपल्या ‘अ’ साठी ‘यू’ हे अक्षर लिहीत. पंजाबच्या स्पेलिंगमध्ये ते अजून टिकून आहे. तेव्हा रुटनाघेरी म्हणजे रत्नागिरी, आणि नुंडगाम म्हणजे नांदगाव. पण कुठलं नांदगाव? एक मुरूडजवळ आहे, एक कणकवलीजवळ. मुरूड तेव्हा जंजिरा संस्थानात होतं, म्हणून ते बाद. कणकवलीचा भाग आज सिंधुदुर्गात आहे, पण तो जिल्हा झाला १९८१ साली. त्याआधी सगळं रत्नागिरीच. म्हणजे जुन्या वहीत मालवण-देवगडची माणसं शोधायची तर रत्नागिरी नावाखालीच शोधायला हवीत. (सावंतवाडी सोडून; ते संस्थान वेगळं.) मी कळवलं, की कणकवलीकडचं नांदगाव असण्याचा संभव जास्त. शिवाय त्यांना हेही सांगितलं, की वहीतले आधीचे आणि नंतरचे नंबरही पाहा. एका गावची माणसं पुष्कळदा एकत्र निघत. शेजारच्या नंबराचं गाव स्वच्छ लिहिलेलं असेल तर आपलं गाव पक्कं करता येतं.

आठ दिवसांनी त्यांचे आणखी दोन प्रश्न आले. आमचं मूळ आडनाव काय? आणि आमचं कुलदैवत कोणतं?

या दोन प्रश्नांनी मी जरा गप्पच झालो. ती वही मळेवाल्यांसाठी आणि सरकारसाठी ठेवलेली. माणूस पळाला तर ओळखता यावा म्हणून उंची आणि कपाळावरचा व्रण. त्याचा देव कोणता, हे कारकुनाने विचारण्याचं कारणच नव्हतं. आडनावाला रकाना नाही, म्हणून वडिलांचं नाव हेच तिकडे आडनाव होऊन बसलं. बाबाजी, सखाराम ही मॉरिशसमध्ये आज आडनावं आहेत. जातीच्या रकान्यात जे असतं, तेही कारकुनाला जे ऐकू आलं ते. त्यावरून कुळ सांगायला गेलो तर ती थाप होईल. तसं मी स्पष्ट कळवलं. त्यांना वाईट वाटलं असणार, पण नवं खोटं कुलदैवत देण्यापेक्षा ते बरं. तिकडे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. गणपती त्यांनी वहीच्या मदतीशिवायच सांभाळला आहे.

मग मी उलटा विचार केला. नांदगावात जाऊन विचारलं, की तुमच्यातला कोणी दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी जहाजाने गेला का, तर काय हाती लागेल? आपल्याकडे कुलवृत्तांत छापले गेले ते बहुधा लिहित्या घरांचे. गेले ते प्रामुख्याने कष्टकरी. त्यांच्या घरी कागद कुठला? फार तर एखाद्या म्हातारीच्या तोंडी ‘आमचा एक पणजा मुंबैक गेलो तो येवकच नाय’ एवढंच वाक्य. तो मुंबईत मेला, की गिरणीत लागला, की गलबतात चढला, कोणी सांगावं!

आणि गंमत अशी, की जो गेला त्याची उंची, व्रण, जहाज, तारीख सगळं कागदावर आहे. जो मागे नांगर धरून राहिला, त्या सख्ख्या भावाची उंची कोणीच लिहून ठेवली नाही.

म्हणून माझ्या वाचकांना, विशेषतः भाचे-पुतण्यांना सांगणं आहे. घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. ‘गेला तो आलाच नाही’ असा कोणी आपल्यात होता का, एवढं विचारा. नाव, वडिलांचं नाव, वाडी आणि देव, चारच गोष्टी वहीत उतरवून ठेवा. मॉरिशसमधले लोक त्यांच्या टोकाकडून निघाले आहेत. आपल्या टोकाला कोणीतरी असायला नको का?