पाण्यातलं बाळंतपण

मैत्रिणींनो, आपण बाळंतिणीला कढत पाण्यानं न्हाऊ घालतो, ते बाळ झाल्यावर. फ्रान्समधल्या पिथिव्हिए गावच्या सरकारी दवाखान्यात, १९७० नंतरच्या दशकात, डॉक्टर मिशेल ओदाँ यांनी कळा चालू असतानाच बाईला कोमट पाण्यात बसू दिलं. हेतू एवढाच, की कळा सोसाव्यात. पण काहींना इतकं मोकळं वाटलं, की त्या बाहेर येईनात. भराभर कळा येऊन बाळ पाण्यातच झालं! गुदमरत नाही का? नाळ चालू असते, आणि बाळाला लगेच वर घेतात. अशा १०० बाळंतपणांबद्दल १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. जोखमीच्या बाईला हे नको, घरच्या घरी तर नकोच. आम्हाला हौदापेक्षा मोलाची वाटली ती तिथली सुईण: अंधुक उजेडात, घाई न करता, जवळ बसून राहणारी.