घामाची लाज कुठून आली?

मागच्या व्याख्यानात आपण 'गरज' या शब्दापाशी थांबलो होतो. भूक-तहान कुणी शिकवावी लागत नाही. पण काही गरजा शिकवाव्या लागतात, आणि एकदा शिकलो की त्या जन्मापासूनच होत्या असं वाटायला लागतं. आज त्याचं एकच उदाहरण घेऊ या, पण जरा सविस्तर. विषय सभागृहात बोलायला अवघड आहे. बायकांच्या काखेतला घाम. तो अवघड का वाटावा, हाच खरं म्हणजे आजचा प्रश्न आहे.

गोष्ट अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात सुरू होते. तिथल्या एका शल्यविशारदानं शस्त्रक्रिया करताना आपले हात घामेजू नयेत म्हणून एक द्रव तयार केला. इथं थोडं थांबा. या कथेतला पहिला घाम पुरुषाचा आहे, तळहाताचा आहे आणि ती निव्वळ कामातली अडचण आहे. लाजेचा काही संबंध नाही. त्यांची मुलगी एडना मर्फी, तेव्हा शाळकरी होती, तिनं तो द्रव काखेत लावून पाहिला. पुढं तिनं त्याचा धंदा केला. नाव ठेवलं 'ओडोरोनो'. इंग्रजीत 'वास? अगं बाई, नको!' असं काहीतरी त्या नावातच ऐकू येतं. १९१२ साली अटलांटिक सिटीच्या प्रदर्शनात तिनं गाळा घेतला. आधी माल खपेना, पण प्रदर्शन उन्हाळाभर चाललं, उकाडा वाढला आणि बाटल्या जायला लागल्या. विक्री तीस हजार डॉलरपर्यंत गेली.

आता ते औषध तरी कसं होतं? ॲल्युमिनियम क्लोराइड, तेही आम्लात मुरवलेलं. तीन-तीन दिवस घाम बंद करायचं हे खरं, पण कातडीची आग व्हायची आणि कापड खराब व्हायचं. वर त्याचा रंग लाल. एका बाईनं लग्नाचा पोशाख त्यापायी वाया गेल्याची तक्रार केली होती. त्याआधी बायका कपड्यांच्या आत काखेपाशी रबराच्या किंवा सुती घड्या लावत. ती सोय मुख्यतः कपडा वाचवण्यासाठी होती. म्हणजे पाहा, कपडा वाचवण्यासाठी सुरू झालेल्या सोयीच्या जागी कपडाच खाणारं औषध आलं, आणि तरी ते खपलं. नुसत्या उपयुक्ततेनं याचा उलगडा होत नाही.

एडनानं जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीकडे काम दिलं. तिथला लेखक जेम्स वेब यंग. हा गृहस्थ पूर्वी दारोदार बायबल विकायचा. बंद दारामागच्या माणसाशी कसं बोलायचं हे त्याला चांगलं ठाऊक असणार! सुरुवातीच्या जाहिरातींत त्यानं घामाला दुखण्याचं रूप दिलं. अतिघाम हा विकार आहे आणि त्यावर डॉक्टरनं शोधलेला उपाय आहे, अशी मांडणी. ती चालली, पण काही वर्षांनी विक्री एका जागी अडली. मग कंपनीनं घरोघर पाहणी केली. निष्कर्ष असा की ओडोरोनो हे नाव सगळ्याच बायकांना माहीत होतं, एकतृतीयांश बायका ते वापरतही होत्या. आणि उरलेल्या दोनतृतीयांश? त्यांचं म्हणणं, आम्हाला त्याची गरज नाही.

आम्हाला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. कुठल्या चळवळीतून ते आलेलं नाही. घरातल्या साध्या बाईनं दारात उभं राहून दिलेलं ते उत्तर आहे. मला घाम येतो, येणारच, त्यात काय एवढं? स्वतःच्या शरीराबद्दलचा हा निर्धास्तपणा कंपनीच्या वहीत 'न झालेली विक्री' म्हणून नोंदला गेला.

यंगनं मग १९१९ साली 'लेडीज होम जर्नल' या मासिकात नवी जाहिरात दिली. चित्रात एक तरुणी आणि एक तरुण, जवळजवळ मिठीतच. मजकुराचा रोख स्त्रीच्या हाताच्या बाकावर, आणि ज्याबद्दल उघड बोललं जात नाही त्या विषयावर. त्यातला खरा डाव पुढं आहे. मजकूर म्हणतो की ज्या व्यक्तीला घामाचा वास येतो तिला स्वतःला तो सहसा कळत नाही.

आता तत्त्वज्ञानाच्या मास्तराला हे वाक्य कसं दिसतं ते बघा. 'मला काही वास येत नाही' असं बाई म्हणाली तर तिचा दावा खोडला जात नाही, उलट जाहिरातीचा दावा पक्का होतो. वास येत नाही ना? मग असेलच! मैत्रिणीला विचारावं, तर ती भिडेपोटी नाहीच म्हणणार. म्हणजे सुटकेचे सगळे दरवाजे बंद. कुठल्याही अनुभवानं खोटं ठरू शकत नाही अशा विधानांवर आम्ही वर्गात तासन् तास बोलायचो, आणि ती बहुधा धर्मशास्त्रात किंवा मानसशास्त्रात शोधायचो. बायकांच्या मासिकाच्या पानावर शोधायचं आम्हाला सुचलं नाही.

त्या काळात ही जाहिरात सहज पचली असं मात्र नाही, बरं का. सुमारे दोनशे वाचकांनी मासिकाची वर्गणी बंद केली. यंगच्या ओळखीतल्या बायकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच्याच कचेरीतल्या लेखिकांनी सुनावलं की तू देशातल्या एकूण एक बाईचा अपमान केला आहेस. अपमान झाला, आणि विक्री एका वर्षात ११२ टक्क्यांनी वाढून १९२० साली ४,१७,००० डॉलरवर गेली. राग आला त्यांनाही, आणि मनात शंका शिरली ती त्यांच्याही. या दोन गोष्टी एकाच बाईच्या बाबतीत खऱ्या असू शकतात.

शरीरशास्त्राचं काय? माणसाच्या कातडीत वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी असतात आणि त्यांचं काम शरीर थंड ठेवणं. ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो. काखेतल्या निराळ्या ग्रंथींच्या स्रावावर कातडीवरचे जिवाणू काम करतात, तेव्हा वास येतो. हे पुरुषांनाही तितकंच लागू आहे. पण पुरुषांना बाटली विकायला आणखी पंधरा-एक वर्षं जावी लागली. १९३५ साली 'टॉप-फ्लाइट' नावाची पुरुषांसाठीची बाटली आली, काळ्या रंगाची. मंदीचे दिवस होते. भीती घातली ती नोकरी जाण्याची. बाईला सांगितलं, तुला कुणी जवळ घेणार नाही. पुरुषाला सांगितलं, तुला कुणी कामावर ठेवणार नाही. घाम तोच. आपल्याकडे 'घामाचा पैसा' म्हणतात, तेव्हा डोळ्यांसमोर कोण येतं? शेतकरी, हमाल. भर उन्हात भात लावणारी बाई त्या शब्दात सहसा नसते, तिचा पदर ओलाचिंब असला तरी.

आता व्यायामाकडे वळू, कारण घाम लपवायचा म्हटलं की धावणं आलंच अडचणीत. ॲमस्टरडॅमच्या १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत पहिल्यांदा झाली. जर्मनीच्या लीना राडके हिनं २ मिनिटं १६.८ सेकंदांत विश्वविक्रम केला, जपानची किनुए हितोमी दुसरी आली. अंतिम शर्यतीत नऊ जणी होत्या आणि नऊच्या नऊ जणींनी ती पूर्ण केली. वर्तमानपत्रांत मात्र छापून आलं की बायका कोसळल्या, काहींनी शर्यत अर्ध्यावर सोडली. शर्यत संपल्यावर कुणी गवतावर आडवं पडलं असेल, पुरुषही पडतात. पण दमलेली, घामाघूम, धापा टाकणारी बाई बघणाऱ्यांना सोसवली नाही. परिणाम? ही शर्यत ऑलिंपिकमधून गेली ती थेट १९६० साली परत आली. बत्तीस वर्षं! मॅरेथॉनला तर १९८४ उजाडलं.

आम्ही पुष्कळ वर्षं मेर्लो-पाँती शिकवला. शरीर ही आपल्याकडे असलेली वस्तू नाही, शरीरातूनच आपण जगाकडे जातो, हे त्याचं म्हणणं आम्ही मोठ्या उत्साहानं फळ्यावर मांडायचो. एकदा एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, बसमध्ये उभं राहिल्यावरसुद्धा?" तेव्हा आम्ही हसून पुढं गेलो. तिच्या प्रश्नाचं उत्तर आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन विदुषीनं १९८० सालीच एका निबंधात दिलेलं होतं. (या यंगबाईंचा आणि जाहिरातवाल्या यंगचा काही संबंध नाही.) मुली चेंडू फेकताना सगळं अंग का झोकून देत नाहीत, असा त्यांचा प्रश्न. त्यांचं उत्तर थोडक्यात असं की मुलगी शरीरानं काम करत असते आणि त्याच वेळी ते शरीर कुणी बघतंय याची राखणही करत असते. लक्ष दुभंगलेलं. १९१९ च्या जाहिरातीनं ही राखण विकायला काढली.

पण बाजारानं फक्त बेड्याच घातल्या असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. कॅथरीन स्विट्झर ही १९६७ मध्ये बॉस्टन मॅरेथॉन धावली, तेव्हा एका अधिकाऱ्यानं भर रस्त्यात तिला ओढून बाहेर काढायचा प्रयत्न केला, हे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. पुढं तिनं बायकांच्या शर्यतींची मालिका उभी केली ती एव्हॉनच्या, म्हणजे एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या पैशावर. पहिली मॅरेथॉन १९७८ ला अटलांटात. ऑलिंपिकचं दार उघडायला या शर्यतींची मोठी मदत झाली. पावडर-लिपस्टिकच्या पैशातून बायकांनी बेचाळीस किलोमीटर घाम गाळला. इतिहास असा आडवातिडवा चालतो.

२०१५ साली इंग्लंडमध्ये 'धिस गर्ल कॅन' ही मोहीम आली. 'स्पोर्ट इंग्लंड' या सार्वजनिक संस्थेची, म्हणजे यात बाटली विकायची नव्हती. त्यांच्या पाहणीत आढळलं होतं की व्यायाम करायची इच्छा असूनही पुष्कळ बायका लोक काय म्हणतील या भीतीनं मागं राहतात. म्हणून जाहिरातीत मॉडेल नाहीत. सुटलेली पोटं, हलणारी अंगं, लालबुंद चेहरे आणि भरपूर घाम. आम्हाला ती मनापासून आवडली. तरी तिची एक घोषणा खटकते. घाम डुकरासारखा आणि वाटतं मात्र 'फॉक्स'सारखं, असा तिचा आशय. इंग्रजी बोलीत फॉक्स म्हणजे देखणी, आकर्षक बाई. (डुकराला मुळात घाम फारसा येतच नाही, म्हणून तर ते चिखलात लोळतं. असो.) म्हणजे घाम माफ झाला, पण देखणेपणाची अट राहिलीच की! बघणारा डोळा हलला नाही, त्याची आवड तेवढी बदलली. हे आमचं मत. त्या जाहिरातीनं बाहेर पडलेल्या बाईला ते पटेलच असं नाही, आणि तिनं आमच्या मतासाठी थांबूही नये.

पुढच्याच वर्षी नायकीनं भारतात 'दा दा डिंग' ही जाहिरात काढली. दीपिका पदुकोण, राणी रामपाल, जोश्ना चिनप्पा, सगळ्या घामानं निथळणाऱ्या. कॅमेरा मात्र त्या घामावर छान प्रकाश पाडतो, तो मोत्यांसारखा चमकतो. त्याच ऑगस्टमध्ये आपल्या माणदेशातली, मोहीची ललिता बाबर रिओच्या ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत धावली आणि दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम शर्यतीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे असतात आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारावी लागते. चौथ्या-पाचव्या उडीपर्यंत सगळ्याजणी भिजलेल्या असतात. त्यातलं पाणी किती आणि घाम किती, हे मैदानात कुणालाच सांगता येत नाही.

पाच मिनिटं थांबू. मग प्रश्न घेऊ.