दोषसंकेत, अवजड यंत्रांतील संवेदकांचे

एक्स्कॅव्हेटर, लोडर, डोझर यांसारख्या यंत्रांत सेन्सरकडून येणारा विद्युत संदेश अपेक्षित मर्यादेबाहेर गेला की इलेक्ट्रॉनिक नियंत्रक (ईसीएम) जो अंक नोंदवतो, तो दोषसंकेत किंवा फॉल्ट कोड. एसएई जे१९३९ या मानकानुसार त्यातील एसपीएन हा अंक बिघाड कशाशी संबंधित आहे ते सांगतो, तर एफएमआय बिघाडाचा प्रकार. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब, ११० म्हणजे कूलंटचे तापमान.

एफएमआय हा दुसरा अंक न वाचताच सेन्सर बदलणे ही फार महागात पडणारी सवय आहे. १००सोबत १ आला, तर दाब खरोखरच धोक्याच्या पातळीपर्यंत उतरलेला असू शकतो. इंजिन ताबडतोब बंद करून ऑइलची पातळी पाहावी. ३ (व्होल्टेज जास्त) किंवा ४ (व्होल्टेज कमी) आला, तर आधी वायरिंग तपासावे. बूमच्या सांध्याजवळ तारा घासतात, कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिना हिरवट पडतात.

कूलंटचा सेन्सर बहुधा दोन तारांचा थर्मिस्टर असतो. त्याचा कनेक्टर काढताच ११०–४ जाऊन ११०–३ आला, तर तारा आणि नियंत्रक ठीक असून दोष सेन्सरचाच. ४ कायम राहिला, तर तार बहुधा कुठेतरी बॉडीला टेकलेली असते.

अनेक सेन्सरांचे संकेत एकदम उमटले, तर त्यांना सामाईक असलेला ५ व्होल्टचा पुरवठा पाहावा. नियंत्रकांचा परस्परसंपर्कच तुटत असेल, तर बॅटरीची जोडणी काढून, नियंत्रकांना एकमेकांशी जोडणाऱ्या कॅन (CAN) या संदेशवाहिनीच्या दोन तारांमधील रोध मोजतात. तो सुमारे ६० ओहम हवा. १२० भरल्यास टोकाच्या दोन रोधकांपैकी एक जोडणीत नाही.