बीटल्स : जगातला सगळ्यात मोठा कव्हर बँड

'कव्हर बँड' म्हटलं की आपण लगेच नाक मुरडतो. 'स्वतःचं काही नाही, दुसऱ्यांची गाणी वाजवतात.' गणपतीतल्या ऑर्केस्ट्रालाही आपण असंच हलक्यात काढतो. तर आज अशाच एका कव्हर बँडची गोष्ट. नाव, बीटल्स.

ऑगस्ट 1960. लिव्हरपूलची पाच पोरं जर्मनीत हॅम्बुर्गला पोचली. जॉन 19 वर्षांचा, पॉल 18, जॉर्ज फक्त 17. (पुढे वय कमी म्हणून जॉर्जला जर्मनीतून परतही पाठवलं!) काम काय, तर इंद्रा नावाच्या क्लबात वाजवायचं. रोज साधारण साडेचार तास, शनिवार-रविवारी सहा. आता विचार करा, सहा तास वाजवायला गाणी आणायची कुठून? चक बेरी, लिटल रिचर्ड, एल्विस, जे येतं ते सगळं. संपलं की परत. रे चार्ल्सचं एकच गाणं ताणून ताणून वेळ काढायचा. वर क्लबचा मालक ओरडायचा, 'माख शाऊ!', म्हणजे 'जरा शो करा!'

मला खरी गंमत वाटते ती पुढच्या भागाची. लिव्हरपूलमध्ये तेव्हा बँड भरपूर आणि सगळ्यांची गाणी तीच. तुमच्या आधीचा बँड तुमचंच हुकमी गाणं वाजवून गेला, की तुम्ही काय करणार? मग यांनी रेकॉर्डच्या मागच्या बाजूची, कुणी न ऐकलेली गाणी शोधायला सुरुवात केली. तीही बाकीचे उचलायला लागले. जॉन आणि पॉल शाळेत असल्यापासून गाणी लिहीत होतेच, पण ती स्टेजवर आणायचं एक कारण पॉलने पुढे कितीदा तरी सांगितलंय : ही गाणी आधीचा बँड वाजवू शकणार नाही! म्हणजे ओरिजिनल गाणी आली ती कव्हरच्या गर्दीतून वाट काढायला.

11 फेब्रुवारी 1963. पहिल्या अल्बमसाठी एका दिवसात 10 गाणी रेकॉर्ड झाली, त्यातली 6 दुसऱ्यांची. एक तर शिरेल्स या मुलींच्या ग्रुपचं, मुलांचं कौतुक करणारं 'बॉइज', आणि ते गातोय आपला रिंगो! सगळ्यात शेवटी 'ट्विस्ट अँड शाउट'. जॉनला सर्दी, घसा गेलेला, म्हणून ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. पहिलाच टेक अल्बमवर आला. एका दिवसात हे जमलं, कारण ही गाणी त्यांनी स्टेजवर घासून घासून गुळगुळीत केली होती.

जुलै 1964 मध्ये 'अ हार्ड डेज नाइट' आला. 13 गाणी, सगळी जॉन-पॉलची. आता कव्हर संपली म्हणावं, तर त्याच डिसेंबरच्या अल्बममध्ये परत 6! दौरे करून पार दमले होते, नवीन लिहायला वेळच नव्हता.

आणि मग चक्र फिरलं. ऑगस्ट 1966 नंतर बीटल्सनी दौरे बंदच केले. 1967 चा 'सार्जंट पेपर' हा अख्खा अल्बम त्यांनी प्रेक्षकांसमोर कधीच वाजवला नाही. तो वाजवला इतरांनी. नेदरलँड्सचा 'द अ‍ॅनालॉग्ज' हा बँड 2014 मध्ये सुरू झाला, खास बीटल्सची ही स्टुडिओतली गाणी लाइव्ह वाजवायला, तीही त्या काळची वाद्यं शोधून. जे ओरिजिनल बँडने स्टेजवर केलंच नाही, ते ऐकायला लोक तिकीट काढून एका कव्हर बँडकडे जातात.