घारापुरी : भरती परत काय आणते?

मुंबईला गेलेली शाळेची सहल पुष्कळदा घारापुरीलाही जाते. लेणी पाहून होतात. बेट मात्र पाहायचे राहून जाते. नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांना ते मुद्दाम दाखवावे, असे आम्हांस वाटते.

गेटवे ऑफ इंडियापासून सुमारे 10 किलोमीटरवरील या बेटावर नदी नाही. म्हणूनच सहाव्या शतकाच्या सुमारास लेणी खोदणाऱ्यांनी पावसाच्या पाण्यासाठी कातळातच टाके खोदले. 1987 साली लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. समुद्राखालच्या केबलमधून बेटावर वीज पोहोचली ती मात्र 2018 मध्ये.

दरम्यान बेटाभोवती बंदरे आणि तेलशुद्धीकरण कारखाने वाढत गेले. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजा-3’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे 800 टन तेल सांडले. भरतीबरोबर ते घारापुरीच्या तिवरांपर्यंत आले. तिवरे ज्या चिखलात वाढतात त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. त्यामुळे त्यांची काही मुळे पेन्सिलीसारखी वर येऊन बारीक छिद्रांतून हवा घेतात. तेलाच्या थराने ही छिद्रे बुजली की झाड गुदमरते. तिवरांच्या आसऱ्याने वाढणारी मासळी आणि खेकडे कमी होतात आणि झळ कोळ्यांच्या चुलीपर्यंत पोहोचते. तेल बेटावरच्या कोणीही सांडले नव्हते!

नांदेडला गोदावरीत मिसळलेले सांडपाणी पुढे तेलंगणाकडे वाहून जाते. डोळ्यांआड झाले म्हणजे ते संपले, असा आपला समज होतो. बेटावर हा समज टिकत नाही. ओहोटीबरोबर गेलेली प्लॅस्टिकची पिशवी भरतीबरोबर परत येते.

बेट होण्यासाठी समुद्रच लागतो असेही नाही. एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण आटले, तेव्हा लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस आले सुमारे 5 लाख लिटर. त्या उन्हाळ्यात लातूर एक बेटच झाले होते.

शिक्षकांनी वर्गात एक साधा उपक्रम करून पाहावा. आपल्या गावाभोवती समुद्र आहे असे समजून फळ्यावर दोन रकाने आखावेत : गावात बाहेरून काय येते आणि गावातून बाहेर काय जाते. मग दुसऱ्या रकान्यातील प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहावा : ही कोणाच्या किनाऱ्याला लागते?